आन्योर्गाच्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला संसार, आरोग्य, बचत अशा विषयांवर बोलायचे, हा आपला शिरस्ता. मी मात्र आज बोलणार आहे बायकांच्या फुटबॉलविषयी, आणि तोही स्पेन देशातला! विषय ऐकताच पुढच्या रांगेतल्या काकूंनी एकमेकींकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. पण थोडा धीर धरा. ही हकिकत चेंडूची थोडी आणि मंडळाची जास्त आहे.

स्पेनच्या उत्तरेला समुद्रकाठी बास्क लोकांचा मुलूख आहे. त्यांची भाषा स्पॅनिशहून अगदी निराळी. तिथल्या सान सेबास्तियान शहराच्या कडेला आन्योर्गा नावाची वस्ती आहे. रेसोला सिमेंटच्या कारखान्याभोवती ती वाढली. भोंग्यावर दिवस उजाडणाऱ्या कामगार वस्त्या आपल्याकडच्या गिरणगावाने आपल्याला दाखवल्याच आहेत, तशीच ही. तिथे एक क्लब आहे. त्याच्या बास्क नावाचा अर्थ ‘संस्कृती आणि क्रीडा मंडळ’ असा होतो. म्हणजे नात्याने तो आपला भाऊच म्हणायचा!

आता थोडे मागे जाऊ. १९३९ पासून १९७५ पर्यंत स्पेनवर जनरल फ्रँकोची एकतंत्री सत्ता होती. त्या सत्तेच्या छत्राखाली स्त्रियांची एक मोठी संघटना चाले. शिवण, स्वयंपाक, बालसंगोपन हे ती मुलींना शिकवी. कवायत आणि लोकनृत्यालाही तिची ना नव्हती. फुटबॉल मात्र बाईच्या जातीला शोभत नाही, असे तिचे मत. पाहा, दार बंद करून उभ्या होत्या त्याही बायकाच!

तरी मुली खेळल्याच. १९७१ च्या फेब्रुवारीत मुर्सिया शहरात स्पेनच्या मुली पोर्तुगालच्या मुलींशी खेळल्या आणि सामना तीन-तीन गोलांनी बरोबरीत सुटला. पण फेडरेशनची मान्यता नव्हती. त्यामुळे मुलींच्या अंगरख्यावर देशाचे चिन्ह नव्हते आणि पंचालाही पंचाचा पोशाख घालता आला नाही. मान्यता मिळायला १९८० साल उजाडले. १९८३ मध्ये चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय लीग.

आणि या नव्या मैदानात नाव कोणी काढले? माद्रिद-बार्सिलोनाच्या धनाढ्य क्लबांनी नव्हे. १९९०, १९९१ आणि १९९३ साली चषक जिंकला तो आन्योर्गाने. १९९२, १९९५ आणि १९९६ साली लीगचे विजेतेपद मिळवले तेही आन्योर्गानेच. सिमेंटच्या धुळीतल्या एका वस्तीने साऱ्या देशाला सहा वेळा मागे टाकले! बायकांच्या फुटबॉलवर घर चालेल असा तो काळ नव्हता. नोकरी, शिक्षण, घर सांभाळून सराव करायचा. आन्योर्गाकडून खेळलेल्या आरान्चा देल पुएर्तो राष्ट्रीय संघातही चमकल्या. १९९७ च्या युरोपीय स्पर्धेत तो संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोचला.

मग मोठ्या क्लबांना जाग आली. बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिकने २००२ मध्ये आणि सान सेबास्तियानच्याच रेआल सोसिएदादने २००४ मध्ये बायकांचे संघ उभे केले. त्यांच्यापाशी पैसा, मैदाने आणि नाव होते. स्पेनमध्ये लीगच्या पायऱ्या असतात. वर्षाअखेर तळाचे संघ एक पायरी उतरतात आणि खालचे उत्तम संघ वर चढतात. आन्योर्गा पायरी पायरीने उतरला आणि खालच्या श्रेणीत खेळू लागला. २०१९ मध्ये सान सेबास्तियानला राणीचा चषक पुन्हा आला, पण तो रेआल सोसिएदादच्या नावाने.

वरच्या पायरीवर पुष्कळ बदलले. २०१९ मध्ये खेळाडूंनी संप केला. २०२० च्या करारात पूर्णवेळ खेळणाऱ्या मुलीला वर्षाला किमान १६,००० युरो मिळावेत, असे ठरले. २०२२ मध्ये बार्सिलोनातल्या एका सामन्याला ९१,५५३ लोक आले आणि २०२३ मध्ये स्पेनने विश्वचषक जिंकला. पण तो करार फक्त वरच्या श्रेणीपुरता होता. तिच्याखाली फेडरेशनच्या आणखी तीन श्रेणी, त्यांच्याखाली प्रांतोप्रांतीच्या स्पर्धा. तिथे आजही कितीतरी मुली दिवसभर काम करून संध्याकाळी बूट बांधतात.

यात अन्याय झाला का? मला वाटते, थोडा झाला. झाड एकाने लावावे आणि फळे दुसऱ्याच्या अंगणात पडावीत, असेच हे. पण मुलीला पगार मिळू लागला, तो मोठ्या क्लबामुळे, हेही नाकारून चालणार नाही. लहान क्लब हे खेळाडूचे माहेर. ते लेक वाढवते आणि नांदायला पाठवते. मात्र लेकीचे कौतुक करताना माहेर विसरले गेले, तर पुढची लेक वाढणार कुठे?

म्हणून मला आन्योर्गाचे चषक जितके मोठे वाटतात, तितकेच त्यानंतरचे दिवस मोठे वाटतात. जिंकणारे मंडळ चालवायला उत्साह पुरतो. चषक दुसरीकडे गेल्यावर संघ चालू ठेवायला निष्ठा लागते.

आपल्या मुली लंगडी, खोखो खेळतात. नववी-दहावीत आल्या की खेळ सुटतो. आपले पटांगण संध्याकाळी एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवावे आणि आपल्यापैकी दोघींनी पाळीपाळीने तिथे बसावे, एवढी सूचना मी मंडळापुढे ठेवते. चषक येईल न येईल. दार उघडे असले पाहिजे, आणि ते उघडणाऱ्या आपण असलो पाहिजे.