माप डोळ्यांसमोर, हिशोब वहीत
(जव्हार-मोखाडा भागातील शेतकऱ्यांसाठी रेडिओ भाषण)



भात झोडून झाले, नागली-वरई खळ्यातून घरात आली, की आपल्या डोंगरपट्टीत विकण्याची घाई सुरू होते. कुणाला दुकानाची उधारी फेडायची असते, कुणाच्या घरी लग्न असते, कुणाला मुलांचे कपडे घ्यायचे असतात. पोते खांद्यावर घ्यायचे आणि बाजार गाठायचा. दुकानदार मापतो, तोच भाव सांगतो, तोच उधारी वजा करतो आणि उरलेले पैसे हातावर ठेवतो. दिवाळीनंतर अशी दिलेली नागली आषाढात आपणच चढ्या भावाने परत आणतो. जे धान्य आपल्या अंगणात पिकले, त्यासाठी ऐन पावसात आपलेच लेकरू ताटाकडे बघत बसते. म्हणून आज पिकवण्याविषयी नाही, तर विकण्याविषयी बोलायचे आहे. आणि त्यात गावची शाळा आपल्याला कशी उपयोगी पडेल, हे सांगायचे आहे.

रास्त व्यापार म्हणजे काय? त्याच्या चार खुणा आहेत. माप खरे असावे. भाव माल देण्याआधी ठरावा. पैसे ठरल्या वेळी मिळावेत. आणि व्यवहार कागदावर असावा. यातली एक जरी खूण नसली, तरी शेतकऱ्याचे नुकसान ठरलेले.

ही गोष्ट जगभर चालू आहे. इंग्लंडमध्ये गारस्टँग नावाचे एक लहान बाजारगाव आहे. इसवी सन २००० मध्ये तिथल्या लोकांनी सभा घेऊन ठरवले की आफ्रिकेतल्या किंवा इतर देशांतल्या शेतकऱ्याला रास्त भाव देऊन आणलेला चहा, कॉफी, चॉकलेट आपल्या गावात वापरायचे. दुकाने, प्रार्थनामंदिरे आणि शाळा अशा सगळ्यांनी त्यात हात दिला. ते घेणारे लोक होते. आपण विकणारे आहोत. घेणारे एकत्र येऊ शकतात, तर विकणाऱ्यांनी का येऊ नये?

आणि आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. १९४५-४६ साली तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागांत वारली बांधवांनी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या बरोबरीने वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. त्यातली एक मागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे: पाचशे पौंड गवत कापण्याची मजुरी अडीच रुपये मिळाली पाहिजे. बघा, नुसते 'मजुरी वाढवा' असे ते म्हणाले नाहीत. किती वजनाला किती पैसे, हे त्यांनी बोलून दाखवले. मागणीत आकडा असला की ती टाळता येत नाही.

तुमच्या आजा-पणजाला पालेमोड ठाऊक होती. पावसाळ्यात उपाशीपोटी धान्य उसने घ्यायचे आणि पीक आले की त्याच्या कितीतरी जास्त परत मापून द्यायचे. ही पिळवणूक थांबावी म्हणून शासनाने पुढे खावटी कर्ज सुरू केले, १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि महामंडळामार्फत धान्याची खरेदी होऊ लागली. कायदे झाले, केंद्रे झाली. पण केंद्रावर जायचे की दुकानात, हे ठरवायला स्वतःचा हिशोब हाताशी लागतो. तो कुठून आणायचा? तर शाळेतून.

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला नाव पडले कुरणशाळा. आता आपण गणिताचा तास खळ्यावर आणू. मुलगा वर्गात 'एका दुकानदाराने इतके किलो तांदूळ घेतले' असे उदाहरण सोडवतोच. तेच उदाहरण घरच्या नागलीचे केले, तर मुलाचे गणित पक्के होईल आणि बापाचा हिशोबही.

आता काय काय करायचे ते क्रमाने सांगतो.

पहिले काम काट्याचे. शाळेत किंवा समाजमंदिरात एक चांगला काटा ठेवा. गावाने वर्गणी काढावी किंवा बचत गटाने घ्यावा. माल बाजारात नेण्याआधी या काट्यावर तोला. काटा खरा की खोटा हे मुले सहज तपासू शकतात. शाळेतले एक लिटरचे माप घ्या. आधी रिकामे भांडे तोला, मग त्यात एक लिटर पाणी घालून तोला. फरक एक किलो आला पाहिजे. दोन पारड्यांचा तराजू असेल, तर रिकामी पारडी समान राहतात का बघा. मग एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजने घालून काटा बरोबर करा, आणि माल व वजने यांची अदलाबदल करा. आता एक पारडे खाली गेले, तर तराजूची दांडी लहानमोठी आहे असे समजा. व्यापाऱ्याच्या काट्यावर सरकारी शिक्का लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी, तर दांडीचा तराजू आणि वजने यांची दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. शिक्का दाखवा, असे म्हणण्यात भांडण नाही. तो तुमचा हक्क आहे. काट्यात खोट दिसली तर वैधमापन निरीक्षकाकडे तक्रार करता येते.

दुसरे काम पायलीचे. किलोचा कायदा १९५६ साली झाला, पण घरोघरी अजून पायली, अधोली, शेर चालतात. घरात मोजायला ती ठीक. विकताना मात्र फसगत होते, कारण शीग लावून भरलेली पायली वेगळी आणि सपाट भरलेली वेगळी. शिवाय भाताची पायली आणि नागलीची पायली वजनाला सारखी भरत नाही. मुलांना सांगा: आपल्या गावच्या पायलीत भात किती किलो, नागली किती, वरई किती, हे तोलून शाळेच्या भिंतीवर लिहा. एका दिवसाचे काम आहे, पण वर्षानुवर्षे उपयोगी पडेल.

तिसरे काम भावफलकाचे. शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर एक कोपरा राखून ठेवा. त्यावर हमीभाव, बाजारातला भाव आणि तारीख लिहायची. २०२५-२६ च्या हंगामात केंद्र सरकारने साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आणि नागलीचा ४,८८६ रुपये जाहीर केला. दरवर्षी आकडा बदलतो, म्हणून नवा आकडा विचारून लिहावा. हा भाव स्वच्छ आणि वाळलेल्या मालाला असतो. भातात ओल शंभराला सतरापेक्षा जास्त नसावी. तेव्हा माल चांगला वाळवा, वाऱ्यावर उफणा. खरेदी केंद्र कधी उघडणार, कोणता माल घेणार, कोणते कागद लागणार, याची चौकशी आधीच करा.

आता एक हिशोब मांडू. समजा, तुमच्याकडे विकायला तीन क्विंटल नागली आहे. कुणी चाळीस रुपये किलो भाव दिला आणि क्विंटलमागे चार किलो 'घट' म्हणून कापले. म्हणजे २८८ किलोचे पैसे मिळाले, ११,५२० रुपये. हमीभावाने पुऱ्या तीन क्विंटलचे होतात १४,६५८ रुपये. फरक ३,१३८ रुपयांचा. यातून गाडीभाडे वजा करा, दिवस मोडला तोही धरा. मग जिकडे जास्त उरेल तिकडे माल न्या. पाचवीतली मुलगी हा हिशोब करून देईल.

चौथे काम वहीचे. प्रत्येक घराची एक वही असावी. तारीख, माल, घरचे वजन, बाजारातले वजन, भाव, कापलेले पैसे, मिळालेले पैसे. मोगरा लावणाऱ्यांना तर ही वही फारच गरजेची आहे, कारण कळ्यांच्या मालात ग्रामाग्रामाला पैसा आहे. पहाटे कळी तोडली की पाणी शिंपडण्याआधी तोला आणि लिहा. दादरच्या बाजारातून पट्टी आली की वहीशी ताडून पाहा. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी घेतलेला बयाणा, दर हजार विटांचा भाव आणि रोज पाडलेल्या विटा याच वहीत लिहाव्यात. उचल घेतली म्हणून माणूस बांधला जात नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. मात्र हिशोब लेखी नसला की फिटलेले कर्जही फिटत नाही.

पाचवे काम सगळ्यांत महत्त्वाचे. विकण्याआधी घरचे धान्य बाजूला काढा. समजा, घरात रोज तीन किलो धान्य लागते आणि नवे पीक यायला २७० दिवस आहेत. म्हणजे ८१० किलो पाहिजे. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो मिळत असेल, तर नऊ महिन्यांचे ३१५ किलो वजा करा. उरले ४९५ किलो. तेवढे कणगीत राहू द्या, बियाणे वेगळे ठेवा आणि मगच उरलेले विका. तेही एकेकट्याने नको. पाड्यातल्या दहा घरांनी एकाच दिवशी, एकाच गाडीतून माल नेला, तर भाडे वाटले जाते आणि भाव विचारायला दहा तोंडे असतात.

आता तुम्ही म्हणाल, 'अडीनडीला दुकानदारच उभा राहतो, त्याला कसे दुखवायचे?' खरे आहे. आजारपणात रात्री दार वाजवले तर तोच शंभर रुपये काढून देतो. त्याच्याशी वैर करायचे नाही. फक्त उधारी वेगळी आणि मालाची विक्री वेगळी ठेवा. माल विका, पैसे घ्या, पावती घ्या आणि मग उधारी फेडा. दोन्ही एकाच दमात केले की हिशोब कळत नाही. सचोटीने धंदा करणाऱ्या व्यापाऱ्याला याचा राग येणार नाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. मुलांना बाजारात विकायला बसवू नका, त्यांची शाळा बुडवू नका, आणि मोठ्यांच्या भांडणात त्यांना पुढे करू नका. मुलांनी मोजायचे, लिहायचे. बोलणी मोठ्यांनी करायची. गुरुजींना किंवा बाईंनाही दलाल करू नका. त्यांचे काम शिकवण्याचे. शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या असतात. त्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा. धान्य निवडणे, वाळवणे, राखणे हे बायाच करतात, म्हणून वहीवर पहिला हात त्यांचा असावा.

शेवटी थोडक्यात सांगतो. या महिन्यात तीन गोष्टी करा. शाळेत काटा आणा. फळ्यावर भाव लिहा. आणि घरच्या वहीचे पहिले पान मुलाकडून भरून घ्या. ज्याला लिहिता येत नाही त्याला कागदावर नाडतात, हे जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना सांगितले होते. आज पाड्यापाड्यावर शाळा आहे. तिथे शिकलेली दोन अक्षरे नागलीच्या पोत्यापर्यंत पोहोचली, तर आषाढातली चूल विझणार नाही.

राम राम.