अंधेरी नापास, परळ पास

आपण मोबाइलवर नाव-पत्ता भरतो, तेव्हा पलीकडच्या सर्व्हरवरचा प्रोग्राम ती माहिती तपासून मगच आत घेतो. अनेक ठिकाणी हा प्रोग्राम पायथॉन या भाषेत लिहिलेला असतो. दिलेल्या मजकुरात फक्त अक्षरेच आहेत का, हे सांगणारी ‘इझअल्फा’ नावाची तयार सोय पायथॉनमध्ये आहे. नावात आकडे शिरू नयेत म्हणून ती वापरायचा मोह सहज होतो. पण ही सोय ‘परळ’ला होकार देते आणि ‘अंधेरी’, ‘बोरिवली’, ‘मुलुंड’, ‘घाटकोपर’ या चारही नावांना नकार! युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही स्वतंत्र अक्षरे नाहीत, जोडचिन्हे आहेत. ‘परळ’मध्ये त्यांतले एकही नाही. म्हणजे उपनगरातला माणूस आपला पत्ता मराठीत अचूक लिहितो आणि चूक त्याच्याच माथी येते. घाटकोपरला गुजरातीत लिहिणाऱ्याचीही हीच गत.

मग सरळ इंग्रजी अक्षरेच मागावीत, असे काही जण म्हणतात. त्याने गोंधळ मिटत नाही: बोरिवलीच्या इंग्रजी स्पेलिंगात ‘व्ही’नंतरचा ‘ए’ कुणी लिहितो, कुणी गाळतो. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो गंभीर आहे. नावाच्या रकान्यातून डेटाबेसला घातक आज्ञा धाडता येतात, हे खरे. पण त्यावरचा पक्का उपाय म्हणजे आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळी पाठवणे. चिन्हांवर बंदी घातली, तर मरोळच्या गावठाणातल्या एखाद्या डिसोझांच्या इंग्रजी नावातली अपॉस्ट्रॉफीही अडते.

कडकपणा हवा तो पिनकोडला. १९७२पासून तो सहा आकडी आहे आणि मुंबईत ४००ने सुरू होतो. पाच आकडे आले तर निःसंकोच परत पाठवावेत. अंधेरी पश्चिमेचा ४०००५८ कुणी देवनागरीत लिहिला, तरी पायथॉन त्याची तीच संख्या करतो. तो स्वीकारावा, मात्र साठवताना एकाच लिपीत साठवावा; नाहीतर शोधताना एकाच वस्तीचे दोन पिनकोड होतात. ही तपासणी सर्व्हरवरच हवी, कारण पडद्यावरचा फॉर्म टाळूनही माहिती थेट धाडता येते. फास्टएपीआय ही पायथॉनची चौकट चुकीच्या माहितीला ४२२ क्रमांकाचे उत्तर देते आणि कोणता रकाना का चुकला तेही कळवते. तेवढे कारण मराठीत करून त्या रकान्याखाली दाखवले, तर भरणाऱ्याला नेमकी चूक दुरुस्त करता येईल.