बोनेटखालचा रबरी पाइप
(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



या व्यासपीठावर मोठमोठे विषय होतात. मी डिप्लोमावाला माणूस, पाइपाबद्दल बोलणार आहे. हसू नका. पांढुर्णा-सौंसरकडे अजून कितीतरी घरांसमोर मारुती 800 उभी दिसते. 2014 साली ती बनायची बंद झाली, पण वडिलांनी घेतलेली गाडी विकायला मन होत नाही.

आमची इंजेक्शनवाली आहे. उन्हाळ्यात सौंसरला जाताना आई मागून म्हणाली, "अरे, पेट्रोलचा वास येतो." बोनेट उघडलं तर रबरी पाइपाला बारीक भेगा आणि ओल. मिस्त्रीने लगेच नवा टाकून दिला. आठ दिवसांत पुन्हा तोच वास! पाइप नवा होता, पण कार्ब्युरेटरच्या गाडीचा होता.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जेमतेम ढकललं जातं. इंजेक्शनमध्ये पंपाचा दाब अडीच-तीन बार, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. तिथे भेग मोठी झाली की ठिबकत नाही, फवारा उडतो. आणि जवळच इंजिन तापलेलं. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं, मऊ पडतं.

म्हणून पाइपावर 'एसएई जे 30 आर 9' छापलेलं बघूनच घ्या. क्लॅम्पही गुळगुळीत कडेचा हवा. भोकांच्या पट्टीचा रबर कापतो. आणि एक पाइप गेला की त्याच्या वयाचे बाकीचेही बदला, टाकीकडचे विसरू नका.

काम मोकळ्या जागी, इंजिन थंड असताना करायचं. आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी स्टार्ट करा. ती आपोआप बंद पडते, दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तरी थोडं पेट्रोल सांडतंच. फडकं धरा आणि बिडीवाल्याला लांब पाठवा, मग तो सख्खा काका का असेना. सगळं परत जोडल्यावर स्टार्ट न करता दोन-तीनदा नुसती चावी फिरवा आणि टॉर्च लावून प्रत्येक जोड बघा.

हे आज सांगायचं कारण आहे. मिरवणुकीत आपले स्पीकर घेऊन चालते ती जुनी व्हॅन मी परवा उघडून पाहिली. एका क्लॅम्पखाली ओल आहे. ती तासन्‌तास धिम्या गतीने चालते आणि पोरं तिला चिकटून नाचतात. पाइप मी नागपूरहून आणून ठेवलाय. रविवारी सकाळच्या आरतीनंतर दोघं जण मदतीला या.