प्रीति आणि मनाची ओढ



ज्याच्याशीं बांधावरून वर्षभर अबोला आहे, तोच नेमका मिस्सांत आपल्या शेजारीं उभा असतो आणि शांतीचें अभिवादन करण्याची वेळ येते. मनांत प्रीतीचा लवलेश नसतां त्याला हात जोडणें हें ढोंग नव्हे काय, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें आहे. तो प्रश्न कित्येकांच्या मनांत असेल.

आमच्या मतें तें ढोंग नव्हे. प्रभूनें वैऱ्यांवर प्रीति करण्याची आज्ञा दिली. पण मनाला ओढ वाटावी अशी आज्ञा कोणास देतां येत नाहीं. प्रीति करणें म्हणजे दुसऱ्याचें भलें इच्छिणें, असें संत थोमास आक्विनस सांगतो. सेमिनरींत आम्हीं हें तोंडपाठ केलें. उमगलें मात्र लिझ्यूच्या संत तेरेजाच्या चरित्रावरून.

गुलाबपुष्पें धरलेली तिची कोमल मूर्ति पाहून वाटतें, हिला प्रीति सहज साध्य असावी. तसें नव्हतें. १८८८ सालीं, वयाच्या १५ व्या वर्षीं ती कार्मेल मठांत गेली. तेथें एक भगिनी होती, जिचें वागणें, बोलणें, सारेंच तिला नावडे. चार भिंतींच्या आंत नावडतें माणूस टाळावें तरी कसें? तेरेजानें ठरविलें कीं, अत्यंत प्रिय व्यक्तीसाठीं जें केलें असतें तेंच हिच्यासाठीं करावें. ती तिच्यासाठीं प्रार्थना करी, तिच्या उपयोगीं पडे, आणि कडू उत्तर ओठांवर आलें कीं हसून विषय बदली. कधीं कधीं झगडा इतका अनावर होई कीं, रणांतून पळणाऱ्या शिपायासारखी ती तेथून निघून जाई. हें तिनें स्वतःच लिहून ठेविलें आहे. (आम्हांस तर तिचें हें पळणेंच अधिक धीर देतें.) एके दिवशीं त्या भगिनीनें प्रसन्न मुद्रेनें विचारलें, माझ्यांत तुला एवढें आवडतें तरी काय? ढोंगी मनुष्य आपलें वैर झांकण्यासाठीं हसतो; तेरेजा तें उपाशी ठेवण्यासाठीं हसत होती.

आमचेंही सांगावयाचें तर, एका गृहस्थांनीं भर सभेंत आम्हांस लागेल असें बोलून घेतलें होतें. पुढें ते अंथरुणास खिळले. पवित्र कम्युनियन घेऊन आम्ही त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां मनांतील सल तसाच होता. पुढच्या आठवड्यासही होता. तो पुरता गेला असें आजही सांगवत नाहीं. परंतु चौथ्या कीं पांचव्या खेपेस ते मुलाला म्हणाले, "फादर उन्हांतून आले आहेत, आधीं पाणी आण." आम्ही तें पाणी प्यालों आणि थोडा वेळ त्यांच्या उशाशीं बसलों.