जागतिक बँकेचे काम आणि आपले तरुण
(हरिहरेश्वर येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



जागतिक बँक म्हटली की ती आपणांस दूरदेशीची, धनिकांची पेढी वाटते. परंतु १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथील ज्या परिषदेत ती जन्मास आली, तिच्या हिंदी शिष्टमंडळात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. मग श्रीवर्धन-म्हसळ्याच्या तरुणाने तिच्या दाराबाहेर संकोचून का उभे राहावे?

हे काम म्हणजे नोकरी नव्हे. ठरावीक मुदतीचा करार. बँक कर्ज देते, सरकार योजना राबविते, आणि पाहणीसाठी, लोकांस संघटित करण्यासाठी सल्लागार नेमले जातात. २००३ साली मंजूर झालेल्या जलस्वराज्य योजनेत गावाने खर्चाचा वाटा उचलावा, नळयोजना गावानेच चालवावी, असे ठरले होते. वर्गणीस नकार देणाऱ्या आळीची समजूत घालणे दिल्लीच्या पदवीधरास कसे साधावे? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या पुन्हा कशा उभ्या करावयाच्या हे ज्यास ठाऊक आहे, त्याचे ज्ञान ही तज्ज्ञताच होय. अडचण इतकीच की ती कागदावर नाही.

तेव्हा कामाचा दाखला काम संपताच मागून घ्यावा. त्यात तारखा, गावे आणि स्वतःची जबाबदारी स्पष्ट असावी. मनिला येथील आशियाई विकास बँक आपल्या संकेतस्थळावर सल्लागारांची नोंदणी विनाशुल्क करते. जागतिक बँकेच्या कामांसाठीही स्वारस्यपत्रे मागविली जातात. (आमचे एक स्नेही त्यास ‘इच्छापत्र’ म्हणतात. ते मृत्युपत्र नव्हे, हे सांगून आम्ही थकलो!) नोंदणीसाठी पैसे मागणारा दलाल तात्काळ ओळखावा.

आपला मनुष्य नेपाळात अशा कामावर गेला तर तो आंतरराष्ट्रीय सल्लागार ठरतो, स्वदेशात राष्ट्रीय. आरंभ स्वदेशातच करावा. दोन करारांमध्ये वर्ष कोरडे जाऊ शकते, म्हणून वाडी मोडू नये.

आणखी एक. काही कंपन्या स्थानिक तरुणाचे परिचयपत्र जोडून काम मिळवितात आणि मग त्यास विसरतात, असे आमच्या कानी आले आहे. सही केलेले परिचयपत्र देताना कोणत्या कामासाठी, किती दिवसांसाठी, हे लिहून घ्यावे.

ज्यांना इंग्रजीत परिचयपत्र लिहिणे अवघड वाटते, त्यांनी भोजनोत्तर आपले दाखले घेऊन मंडपाच्या मागील ओटीवर यावे. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच; तारखा आणि गावे जुळविण्यास तेवढे पुरते.