राहुरी–शिंगणापूर लोहमार्ग : रूळ कोणासाठी?



रेल्वे मंत्रालयाने २०२५ साली राहुरी ते शनिशिंगणापूर या २१.८४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला मंजुरी दिली. अंदाजित खर्च ४९४ कोटी १३ लाख रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे साडेबावीस कोटी. शिंगणापूरला दररोज ३० ते ४५ हजार भाविक येतात, हा या मार्गासाठी दिलेला सरकारी आधार होय. भाविकांची सोय व्हावी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि सार्वजनिक पैशातून टाकलेल्या रुळांचा हिशेब केवळ प्रवाशांची संख्या मोजून पुरा होत नाही. त्या रुळांनी परिसरातील उत्पादनाला आणि श्रमाला काय दिले, हा प्रश्न उरतोच. नगर जिल्ह्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात त्याची उत्तरे आहेत आणि ती फारशी सुखावह नाहीत.

राहुरी ज्या दौंड–मनमाड मार्गावर वसली आहे, तो १८७८ साली सुरू झाला. मुंबईहून आग्नेयेस आणि ईशान्येस गेलेले दोन मुख्य मार्ग परस्परांना जोडणे, हे त्याचे प्रयोजन होते. या मार्गाच्या मातीकामावर १८७६–७८ च्या दुष्काळातील उपाशी माणसे राबली. त्याच सुमारास सरकारने मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडून आपला निषेध नोंदविला. अशा घामातून रूळ उभे राहिले. परंतु त्यांच्या आखणीत राबणाऱ्यांच्या गरजेला स्थान नव्हते.

रुळांच्या जोडीला पाणी आले, तेव्हा भांडवलही आले. बेलापूर कंपनीने १९१९ नंतर हरिगावला साखर कारखाना उभारला. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पसरला. स्टेशनाभोवती श्रीरामपूर हे नवे शहर वाढले. स्टेशनाचे नाव मात्र बेलापूरच राहिले. पाणी सरकारचे, रूळ सरकारचे, जमीन शेतकऱ्याची आणि नफा कंपनीचा, असा तो मेळ होता. खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या मूळ मालकांकडे न येता १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांना त्या परत मिळू लागण्यास २०१२ साल उजाडावे लागले. हरिगावचा कारखाना तर त्याआधीच बंद पडला होता.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरानगरला सहकाराचा मार्ग दाखविला आणि ऊस पिकविणारा कारखान्याचा मालक झाला. ही क्रांतीच होती, पण अपुरी. पुढे मुळा धरणाच्या पाण्यावर शिंगणापूरशेजारच्या सोनईलाही सहकारी कारखाना निघाला, तो रुळांपासून दूर. ऊस तोडणारे बीड, आष्टी, पाथर्डीचे मजूर बैलगाड्यांतून आणि ट्रकांतून येत राहिले. त्यांना ना मालकी मिळाली, ना आगगाडी. नगर–बीड–परळी मार्ग मंजूर झाला १९९५ साली. बीडला गाडी पोहोचली सप्टेंबर २०२५ मध्ये. तीस वर्षे! याच मुदतीत पुणतांबा–शिर्डी हा सुमारे १७ किलोमीटरचा फाटा २००९ साली सुरूही झाला. अंतरात आणि खर्चात मोठा फरक आहे, हे मान्य. तरीही कोणाची निकड आधी ऐकू जाते, हे या तुलनेतून कळते.

म्हणूनच शिंगणापूरचा नकाशा पक्का होण्यापूर्वी मागणी नेमकी मांडली पाहिजे. या परिसरात घोडेगावचा मोठा कांदाबाजार आहे, सोनईची साखर आहे, गावोगावचे दूध आहे. शेवटच्या स्थानकाजवळ मालधक्का आणि गुदाम नसेल, तर यांतले काहीच त्या रुळांवर चढणार नाही. यावर आक्षेप येईल की बावीस किलोमीटरच्या फाट्यावर मालवाहतूक परवडत नाही. एवढ्याच अंतराचा विचार केला तर ट्रकच स्वस्त, हे खरे. परंतु हा कांदा जाणार असतो शेकडो कोस दूर, आणि दर चढ-उतारीला हमाली वाढते, माल दुखावतो. बाजाराजवळच वाघिणी भरल्या, तर एक चढ-उतार वाचते. २०२० साली देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली आणि त्याच वर्षी पुढे फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत दिली गेली. सरकारने मनात आणले तर हे करता येते, असा त्याचा अर्थ.

मार्गात ज्यांची बागायती जमीन जाईल, त्यांचा प्रश्न याहून निकडीचा. त्यांना मोबदला कालव्याच्या पाण्यासह असलेल्या उत्पन्नावर मिळावा, कोरडवाहू दराने नव्हे. आणि तो रूळ पडण्यापूर्वी हाती पडावा. मधल्या गावांना थांबे हवेत आणि साध्या डब्यांच्या गाड्या हव्यात, म्हणजे राहुरीच्या विद्यापीठात जाणारा विद्यार्थी आणि बाजाराला निघालेली भाजीवाली बाई यांनाही या मार्गाचा उपयोग होईल.

भाविक येतील, दर्शन घेतील आणि परत जातील. जमीन देणारे, माल पिकविणारे आणि हमाली करणारे इथेच राहणार आहेत. लोहमार्ग यशस्वी झाला की नाही, हे त्यांच्या संसारावरून ठरवावे. आणि हे त्यांनी आताच, मोजणीचे खांब रोवले जाण्यापूर्वी, ग्रामसभेत ठराव करून सांगावे.