तोंड आलंय, पण किती दिवस?

बऱ्याच जणांनी विचारलंय, तिशीच्या आत जिभेचा कॅन्सर झाला तर माणूस वाचतो का? मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण माझा रूममेट यातून गेला, म्हणून वाचावं लागलं.

आपल्याकडे मोठं कारण तंबाखू-सुपारीच. ह्याला मात्र कसलंच व्यसन नव्हतं. जिभेच्या कडेला फोड आला, तर "तोंड आलंय" म्हणून दोन महिने बी-कॉम्प्लेक्स आणि जेल. वय 28, मग शंका कोणाला येणार? खरा घोळ इथेच होतो. साधं तोंड आलेलं दोन आठवड्यांत बरं होतं. तीन आठवडे झाले, फोड तिथेच आहे, बोटाला कडक लागतोय, तर गोळ्या बदलत बसू नका. दाखवा, बायोप्सीचं विचारा.

तरुणांचा कॅन्सर जास्त घातक, असं सर्रास ऐकू येतं. पण स्टेज सारखी धरून केलेल्या बऱ्याच अभ्यासांत वयामुळे फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो आजार मानेत उतरला की नाही, याने.

परळच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने 2015 मध्ये 500 पेशंटचे निकाल मांडले. सुरुवातीची स्टेज, बहुतेक जिभेचेच. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतले लिम्फ नोडही काढले, त्यांच्यात तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. मानेत गाठ आली तर बघू म्हणून थांबले, त्यांच्यात 67.5 टक्के.

म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर सर्जनला दोन गोष्टी विचारा: गाठ किती मिलिमीटर खोल गेलीय, आणि मानेचं काय करणार?